रुग्णवाहिकेत मागे बसणाऱ्या माणसासाठी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहितो आहे. १०८ च्या रुग्णवाहिका सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत आणि त्या गाडीत बसून करायच्या कामाचं शिक्षण वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांची गत झाली आहे. आपत्कालीन सेवेच्या मुलामुलींना मी बरीच वर्षं शिकवतो आहे. त्यांच्या वतीने आणि त्यांच्यापेक्षाही ज्यांच्या दारात मध्यरात्री गाडी उभी राहते त्या लोकांच्या वतीने माझी मागणी आधीच मांडतो. महाराष्ट्रात प्रगत पॅरामेडिक हा स्वतंत्र, परवानाधारक व्यवसाय व्हावा. त्याने काय करायचं आणि काय नाही, याची यादी सरकारने छापावी. आणि १०८ च्या गाडीत त्याच्यासाठी पदं असावीत.

जानेवारी २०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. २३३ प्रगत जीवरक्षक, म्हणजे एएलएस, आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक, म्हणजे बीएलएस. त्याआधी आडगावच्या बाळंतिणीला वडाप जीप किंवा दुधाचा टेम्पो शोधावा लागे. आज एक नंबर फिरवला की गाडी येते, ही या राज्याने केलेली फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान आहे. गाडीचा विचारही नीट झालेला आहे. रुग्णवाहिका कशी असावी यासाठी देशात एआयएस-१२५ नावाचं प्रमाण आहे. त्यात ए, बी, सी, डी असे गाडीचे चार प्रकार आहेत, आणि रुग्णाच्या कप्प्याची मापं, स्ट्रेचर कसं घट्ट बसावं, दिवे कसे असावेत, हे सगळं लिहिलेलं आहे. पण डी, म्हणजे एएलएस, प्रकारच्या गाडीत मागे बसणारा माणूस किती तास शिकलेला असावा, कोणती परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा आणि कोणतं इंजेक्शन स्वतःच्या अधिकारात देऊ शकावा, हे इतक्याच बारकाईने सांगणारा कागद माझ्या विद्यार्थ्यांना आजवर कुणी दाखवलेला नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सुवर्ण तासाची व्याख्या आली. दुखापतीनंतरचा पहिला तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्त्यांवर पंधरा हजारांहून अधिक माणसं गेली. गडचिरोलीत, नंदुरबारला, सिंधुदुर्गात हा तास रुग्णालयात सुरूच होत नाही. तो गाडीतच संपतो. म्हणून त्या तासाचा डॉक्टर, नर्स, जो कोणी असेल तो, गाडीतच असायला हवा.

प्रगत पॅरामेडिक म्हणजे नेमका कोण, हे एका उदाहरणावरून सांगतो.

पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. जागेवर सूज नाही, वेदना फारशी नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे तो पोटात कळ आली म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं झटका आला. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की सर्पदंशाच्या लशीनेही ते सहजी सुटत नाही. श्वासाचे स्नायू हळूहळू थकतात आणि थांबतात. हृदय मात्र चालू असतं. अशा माणसाला कुणीतरी बाहेरून श्वास देत राहिलं, तर तो काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातो. नाही दिला, तर दवाखान्याच्या वाटेवर संपतो.

हा श्वास द्यायचा कसा? मास्क चेहऱ्यावर ठेवायचा. अंगठा आणि तर्जनी मास्कच्या कडेवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. जबडा वर उचलून चेहरा मास्ककडे आणायचा. नवशिका विद्यार्थी हमखास उलटं करतो, मास्क खाली दाबतो आणि होता तो रस्ताही बंद करतो. दुसऱ्या हाताने दर सहा सेकंदांनी बॅग दाबायची, छाती जेमतेम उठेल इतकीच. घाबरून जोरात दाबली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती फुफ्फुसात उतरते. तासाभराच्या प्रवासात असे सहाशे श्वास होतात. घाटाच्या वळणांवर, गुडघ्यावर बसून, हाताला मुंग्या आल्या तरी. रुग्ण शुद्धीत असतो, त्याला ऐकू येत असतं, फक्त पापणी उचलता येत नाही. म्हणून त्याच्याशी बोलत राहायचं, पुढे कोणतं गाव आलं ते सांगायचं, हेही आम्ही शिकवतो. पल्ला लांबचा असेल, घशात लाळ साचत असेल, तर श्वासनलिकेत नळी घालायची की बॅगवरच न्यायचं, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थांबायचं की थेट व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी जायचं, हे ठरवायचं असतं. हे ठरवण्याइतका जो शिकलेला आहे आणि ठरवल्याची जबाबदारी घ्यायचा ज्याला अधिकार आहे, तो प्रगत पॅरामेडिक.

मंत्रिमहोदय, महाराष्ट्रातला अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या दुखण्यांवर बेतलेला हवा, असं मी म्हणतो ते याचसाठी. परदेशी पुस्तकांत हृदयविकार आणि अपघात भरपूर आहेत. मण्यार एखाद्या परिच्छेदात आटोपते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणात काम करून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवून दिला. रक्तदाबाची साधी गोळी ती. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे जन्मलेलं हे ज्ञान गाडीतल्या औषधांच्या पेटीत आणि ती उघडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणीच्या अनेक विषांमध्ये छाती पाण्याने भरते आणि अ‍ॅट्रोपिन दर काही मिनिटांनी दुप्पट करत न्यावं लागतं, छाती कोरडी होईपर्यंत. ज्याला छातीतला आवाज ओळखता येत नाही त्याला कुठे थांबायचं ते कळणार नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, झटके येणारं तापाचं मूल, समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या महामार्गावर चेपलेल्या गाडीत अडकलेला ड्रायव्हर, हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं.

शिक्षणाची आजची स्थिती आपल्यासमोर ठेवतो. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून तीन वर्षांच्या पदवीपर्यंत सगळ्या तऱ्हेचे अभ्यासक्रम चालू आहेत, आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण स्वतःला ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, किंवा पॅरामेडिकच म्हणवतो. नोकरी देणाऱ्यालाही त्यांतला फरक सांगता येत नाही. चांगल्या अभ्यासक्रमांतही खरी अडचण वर्गाबाहेर सुरू होते. नळी घालायचं कौशल्य पुतळ्यावर येत नाही. ते ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, जिवंत माणसावर, पुन्हा पुन्हा करून येतं. पण तिथे पहिला मान पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरचा, मग इंटर्नचा, आणि आमचा विद्यार्थी भिंतीला टेकून बघत उभा. लेबर रूममध्येही तेच. आणि रुग्णवाहिकेत? ज्या गाडीसाठी तो शिकतो आहे त्या गाडीत विद्यार्थी म्हणून बसायची परवानगी मिळवताना आमच्या टाचा झिजतात. विमा कुणाचा, जबाबदारी कुणाची, पत्र कुणी द्यायचं, या प्रश्नांवर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते. गाडीत एकही पाळी न करता गाडीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुलं मी पाहिली आहेत. पोहण्याची परीक्षा कोरड्या जमिनीवर घ्यावी तसं हे आहे.

आम्ही आमच्या परीने मार्ग काढतो. पुतळा टेबलावर न ठेवता फरशीवर ठेवतो, कारण अपघातातला माणूस टेबलावर पडलेला नसतो. विद्यार्थी पोटावर झोपून, हनुवटी फरशीला टेकवून त्याच्या घशात बघायला शिकतो. खोलीतले दिवे घालवतो, मोबाइलवर ट्रॅफिकचा आवाज लावतो. एकाला नातेवाईक करून त्याने सतत ओरडत, खांदा ओढत राहायचं असं सांगतो. हाडात सुई घालायचा सराव कोंबडीच्या तंगडीवर होतो. सुई हाडाच्या टणक थरातून आत उतरली की हाताला जो अचानक सैलपणा जाणवतो तो पुस्तकात वाचून कळत नाही.

परीक्षेचंही असंच. लेखी पेपरमध्ये शॉकचे प्रकार लिहिणारी मुलगी प्रत्यक्ष प्रसंगात काय करते, ते बघावं लागतं. घशातून घरघर येते आहे, रक्त आणि लाळ साचली आहे, आणि परीक्षार्थी सलाइनसाठी शीर शोधतो आहे, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. श्वास आधी, शीर नंतर, हे त्याला पाठ असतं. हाताला मात्र ते माहीत नसतं. प्रगत पातळीच्या परीक्षेत तर काय केलं याइतकंच काय टाळलं, हे तपासायला हवं. छातीत सुई घालायची वेळ आहे की नाही? इथे दहा मिनिटं घालवून पट्ट्या बांधायच्या की उचलून निघायचं? असे प्रसंग रचणारे, त्यांना गुण देणारे तटस्थ परीक्षक तयार करणं हे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं काम आहे आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. आणि परवाना एकदा मिळाला की जन्माचा, असंही नको. क्वचित लागणारं कौशल्य वर्षभरात गंजतं. ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी व्हावी.

कायदा नाही म्हणून हे अडलं आहे, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आणि प्रगत काळजी देणारा पॅरामेडिक अशी दोन्ही नावं वेगवेगळी आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण हवं, असंही तो कायदा सांगतो. राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापन कराव्यात, हेही त्यात आहे. महाराष्ट्राने तर त्याआधीच परावैद्यक परिषदेसाठी स्वतःचा कायदा केला होता. नाव आहे, तास आहेत, परिषदेची तरतूद आहे. उरलं आहे ते काम राज्याचं. या व्यवसायाची कार्यकक्षा ठरवायची आणि सेवेत पदं काढायची.

इथे आपल्या अधिकाऱ्यांकडून एक प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. आमच्या गाडीत डॉक्टरच असतात, मग पॅरामेडिक कशाला? १०८ वर काम करणारे बहुतांश डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी अनुभवातून हे काम उत्तम आत्मसात केलं आहे. करोनाच्या काळात पीपीई किट घालून उन्हाळ्यात त्यांनी जे केलं ते मी जवळून बघितलं आहे, आणि त्यांच्याबद्दल एक उणा शब्द मी लिहिणार नाही. पण त्यांच्या पदवीचा बेत चालत्या गाडीतल्या तातडीच्या उपचारांसाठी आखलेला नव्हता, आणि बहुतेकांना पुढे स्वतःचा दवाखाना काढायचा असतो, ते स्वाभाविकच आहे. फ्रान्समध्ये गंभीर रुग्णासाठी गाडीतून डॉक्टर जातो हे खरं. तिथे तो तातडीच्या उपचारांत तरबेज डॉक्टर असतो. तसे डॉक्टर आपल्याकडे जिल्हा रुग्णालयालाही पुरत नाहीत, गाड्यांना कुठून देणार? शेजारच्या गोव्यात १०८ च्या गाडीत उपचार ईएमटी करतात आणि नियंत्रण केंद्रातला डॉक्टर फोनवर सल्ला देतो. दिल्लीत २०१९ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात हृदयविकाराच्या रुग्णाकडे प्रशिक्षित परिचारक मोटारसायकलवरून ईसीजी यंत्र घेऊन पोचू लागले.

आयर्लंडची व्यवस्था आपण जरूर मागवून बघावी. तिथली रुग्णालयपूर्व सेवेची परिषद तीन पायऱ्या मानते. ईएमटी, पॅरामेडिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड पॅरामेडिक. प्रत्येक पायरीवरच्या माणसाने कोणती औषधं द्यायची, कोणती क्रिया करायची, हे प्रसंगानुसार आखलेल्या तक्त्यांमध्ये छापलेलं असतं. प्रगत पॅरामेडिक आधी पॅरामेडिक म्हणून काम करतो, मग पुन्हा शिकायला येतो. ही मधली वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. बारावीनंतर थेट प्रगत पातळीवर नेऊन ठेवलेला विद्यार्थी पहिल्या रक्ताच्या थारोळ्यात गोठतो. आधी साधी गाडी, मग मोठी जबाबदारी, हा क्रम आपणही पाळावा.

आणि हे काम फार वरच्या घरातल्या मुलांनीच करायचं असतं असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा इतिहास वाचावा. १९६७ मध्ये तिथल्या हिल भागात फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. डॉ. पीटर सफार यांनी तिथल्या काळ्या वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना शिकवलं. त्यातल्या कित्येकांनी शाळाही पूर्ण केली नव्हती. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या तरुणांबरोबर काम केलं आणि पॅरामेडिकचं पाठ्यपुस्तक लिहिलं. त्या देशातल्या पॅरामेडिक व्यवसायाचे मानदंड घडले त्यात या तरुणांचा मोठा वाटा आहे. माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं आहेत, आश्रमशाळेतून आलेल्या मुली आहेत. आपल्या तांड्यापासून दवाखाना किती लांब आहे हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं. शिकण्यात ती कुठे कमी पडत नाहीत.

कमी पडतं ते पुढचं. पदवी घेतलेला हुशार मुलगा खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत ड्रेसिंगची ट्रॉली ढकलतो आणि वर्षभरात आखाती देशातल्या परवान्याच्या परीक्षेची तयारी सुरू करतो. दुबईत त्याच्या कामाला नाव आहे, पायरी आहे, पगाराची श्रेणी आहे. मुलींचं आणखी वेगळं. गाडी जिथे उभी असते तिथे रात्रपाळीला बसायला खोली नाही, कडी लागणारं स्वच्छतागृह नाही. घरचे म्हणतात, लॅबमध्ये नोकरी बघ. ज्या राज्यात १०८ ला येणाऱ्या फोनमध्ये बाळंतपणाचे फोन इतके असतात तिथे गाडीत बाई असणं ही गरज आहे, आणि ती एका खोलीपायी अडते आहे.

पायलटबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे १०८ च्या चालकाला पायलट म्हणतात. रस्त्यात रुग्णाचं हृदय थांबलं तर मागे चार हात लागतात आणि त्यातले दोन पायलटचे असतात. त्यालाही छाती दाबायचं, बॅग धरायचं नियमित प्रशिक्षण मिळावं.

तेव्हा आपणा दोघांना माझी विनंती आहे. दोन्ही खात्यांनी मिळून एक छोटी समिती नेमावी. तिच्यात भूलतज्ज्ञ, आपत्कालीन वैद्यकातले डॉक्टर, १०८ वर प्रत्यक्ष काम केलेले वैद्यकीय अधिकारी आणि पॅरामेडिक असावेत. तिने प्रगत पॅरामेडिकची कार्यकक्षा आणि औषधांची यादी मराठीत आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, लेबर रूममध्ये आणि १०८ च्या गाड्यांमध्ये या विद्यार्थ्यांच्या पाळ्या शासन निर्णयाने ठरवून द्याव्यात, म्हणजे प्रत्येक संस्थेला दारोदार पत्रं घेऊन फिरावं लागणार नाही. १०८ वर आज काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना इच्छा असेल तर पूरक शिक्षण घेऊन याच परवान्याची परीक्षा देता यावी. आणि रुग्णवाहिका सेवेचा पुढचा कुठलाही करार करताना गाड्यांच्या संख्येच्या रकान्याशेजारी परवानाधारक पॅरामेडिकांच्या संख्येचा रकाना असावा.

सगळं एकदम नको. गडचिरोली, नंदुरबार आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतल्या एएलएस गाड्यांपासून सुरुवात करा. पहिल्या तुकडीला शिकवायला माझ्यासारखे बरेच शिक्षक राज्यभरात तयार आहेत आणि त्यासाठी आम्ही वेगळं मानधन मागणार नाही. आपण तारीख कळवा.

आपला नम्र,
आपत्कालीन सेवेचा एक शिक्षक